घरी हातोडी करायची तर सामान कोणतं घ्यावं: पोलाद, दांड्याचं लाकूड आणि पाचरी यांचा रिव्ह्यू

अर्धा किलोच्या हातोडीला सामान फार लागत नाही: पोलादाचा एक तुकडा, लाकडाचा एक दांडा आणि दोन पाचरी. पण यातल्या प्रत्येक गोष्टीचे बाजारात पाच-सहा प्रकार मिळतात, आणि त्यातले बरेचसे हातोडीच्या कामाचे नसतात. इथे ते एकेक तपासले आहेत. माप धरलंय ते घरकाम, सुतारकाम आणि हलक्या फिटिंगच्या हातोडीचं. डोकं ५०० ग्रॅमच्या आसपास, दांडा ३० ते ३२ सेंमी.

पोलाद निवडताना एक गोष्ट पक्की धरायची. हातोडीच्या तोंडाला कडकपणा लागतो आणि दांडा बसतो त्या भोकाभोवती चिवटपणा लागतो. तोंड मऊ राहिलं तर ते फुलतं, कडा बाहेर वळतात आणि एखाद्या घावात त्यांची कपची उडते. भोकाच्या बाजू कडक झाल्या तर डोकं तिथेच तडकतं. म्हणजे पाणी दिल्यावर (लाल तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवल्यावर) जे पोलाद फक्त वरवर कडक होतं आणि आतून चिवट राहतं, तेच इथे उत्तम. नशीब असं की हा गुण साध्या कार्बन पोलादात असतो आणि ते मिश्र पोलादापेक्षा स्वस्त असतं.

ईएन-८: पहिली पसंती

यात कार्बन ०.३६ ते ०.४४ टक्के असतो, मँगनीज ०.६ ते १ टक्का. ‘ईएन’ हा पोलादाच्या प्रतीचा जुना ब्रिटिश नंबर; दुकानात ‘ईएन एट’ म्हणून मागायचं. शाफ्ट, बोल्ट, पिना यांच्यासाठी हे रोज खपतं, त्यामुळे मिळायची अडचण नाही. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, भोसरी एमआयडीसीच्या आसपासच्या दुकानांत, कळंबोलीच्या लोखंड बाजारात ते सहज मिळतं. मोठे व्यापारी पूर्ण बार विकतात. लहान तुकडा हवा असेल तर लेथवाल्यांना माल देणाऱ्या दुकानात ‘एंड पीस आहे का’ असं विचारावं. तिथे विक्री वजनावर होते आणि कटिंगचे पैसे वेगळे लागतात.

आकार कोणता घ्यावा? गोल बारचं वजन काढायचा दुकानातला हिशोब असा: व्यासाचा मिमीमधला वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला किती किलो ते कळतं. ३० मिमी बारचे ९०० भागिले १६२ केले की मीटरला ५.५५ किलो येतात. म्हणजे १०० मिमीचा तुकडा ५५५ ग्रॅमचा. दांड्याच्या भोकात ६० ते ६५ ग्रॅम जातात आणि कडा मारण्यात, म्हणजे धारा तिरक्या घासण्यात, थोडं, तरी ४८५ ते ४९० ग्रॅम हातात राहतात. दोन्ही बाजूंना सपाट तोंड असलेल्या हातोडीला १०० मिमी पुरे. एका बाजूला आडवी चोच, म्हणजे पाचरीसारखं निमुळतं टोक, काढायची असेल तर ११५ मिमी कापून घ्यावा, कारण चोच उतरती करताना ८० ग्रॅमच्या आसपास माल निघून जातो. जड हातोडी हवी असेल तर ३२ मिमीचा चौकोनी बार घ्यावा. त्याचे १०० मिमी ८०० ग्रॅम भरतात आणि भोक पाडून साधारण ७२० उरतात.

चौकोनी बार व्हाइसमध्ये सरळ बसतो आणि ड्रिल घसरत नाही, ही त्याची मोठी सोय. गोल बारवर मात्र भोकाच्या जागी समोरासमोर दोन सपाट पट्टे आधी कानसून घ्यावे लागतात. ३० मिमी बारवर जेमतेम १ मिमी खोल कानस चालवली की १० मिमी रुंद सपाटी मिळते, तेवढी पुरते. २५ मिमी चौकोनी बार स्वस्त पडतो म्हणून घेण्याचा मोह होतो. तो टाळावा. १४ मिमी रुंद भोक पाडल्यावर दोन्ही बाजूंना फक्त साडेपाच मिमी भिंत उरते. ड्रिल एक मिमी जरी सरकलं तरी एक भिंत साडेचारवर येते, आणि डोकं तडकतं ते तिथूनच.

काळा बार (गरम लाटलेला, वर काळी साल असलेला) की ब्राइट (साल काढून चकचकीत केलेला)? हातोडीसाठी काळा चालतो. काळ्या बारच्या सालीत कार्बन कमी झालेला असतो आणि ती साल नीट कडक होत नाही. पण हातोडीचं तोंड बारच्या कापलेल्या टोकावर येतं, त्यामुळे साल फक्त कडेला उरते आणि कडा ४५ अंशात २ मिमी मारल्यावर तीही निघून जाते. ब्राइट बारचे जास्तीचे पैसे दिसण्यासाठी द्यायचे असतील तर द्यावेत. कटिंग मात्र बँडसॉवरच करून घ्यावं. गॅसने कापलेल्या टोकाला पोलाद करपलेलं असतं आणि त्याच्या मागे कडक झालेला पट्टा असतो. तसा तुकडा मिळालाच तर त्या टोकाचे ३-४ मिमी घासून काढावेत आणि मगच ते तोंड म्हणून वापरावं.

भोक अंडाकृती हवं, मध्ये २२ बाय १४ मिमी आणि दोन्ही तोंडांशी थोडं मोठं, २४ बाय १६. आधी ५ मिमीने वाट करून मग १० मिमीची दोन भोकं पाडायची, दोन्हींच्या मध्यबिंदूंत ११ मिमी अंतर ठेवून. त्यांच्यामध्ये १ मिमीची पातळ भिंत उरते, ती छिन्नीने किंवा गोल कानशीने काढायची. भोकं एकमेकांत शिरतील इतकी जवळ घेतली तर दुसरं ड्रिल पहिल्या भोकात ओढलं जातं आणि वाकडं जातं. पिलर ड्रिलवर ६०० ते ७०० आरपीएम आणि भरपूर कटिंग ऑइल. अर्धं भोक एका बाजूने, अर्धं दुसऱ्या बाजूने पाडावं. त्यामुळे चूक मध्यावर विभागली जाते. मग दोन्ही बाजूंनी आतल्या दिशेला उतार देत कानस मारली की भोक कमरेशी बारीक होतं. दांडा घट्ट धरून ठेवतो तो हाच आकार. सरळ नळीसारख्या भोकात कितीही चांगली पाचर मारली तरी डोकं सुटतंच.

पाणी देण्याच्या बाबतीत ईएन-८ समजूतदार आहे. तोंडाकडचा २५-३० मिमी भाग लाल करायचा. चुंबक चिकटायचं थांबतं ते ७७० अंशांच्या आसपास. तिथून आणखी थोडं तापवून रंग एक छटा उजळला, म्हणजे ८३० ते ८६०, की फक्त तोंडाकडचे १५ मिमी पाण्यात धरून सतत खालीवर हलवायचे. एकाच रेषेवर स्थिर धरलं तर नेमक्या त्या रेषेवर चीर पडते. घरच्या गॅसच्या शेगडीवर अर्धा किलोचा तुकडा इतका तापत नाही. घिसाडी किंवा लोहाराच्या भात्यावर, नाहीतर विटांच्या बंदिस्त भट्टीत बर्नर लावूनच हे काम होतं. नंतर ओटीजीत १८० ते २०० अंशांवर दीड-दोन तास ठेवलं की ताण निघतो. तोंड ५० एचआरसीच्या (कडकपणा मोजायच्या रॉकवेल सी मापाच्या) जवळपास येतं, खिळे आणि छिन्नी दोन्हींना ते पुरतं. लहानशा चुकीला हे पोलाद माफ करतं. पहिली हातोडी करणाऱ्याने दुसरं काही शोधू नये.

ईएन-९: टिकाऊ, पण हात बसलेल्यांसाठी

कार्बन ०.५० ते ०.६० टक्के. तोंड जास्त कडक होतं आणि वर्षानुवर्षं सपाट राहतं. दगडी छिन्नीवर किंवा पोगरावर रोज घाव घालायचे असतील तर ईएन-८पेक्षा हेच चांगलं. पण पाण्यात तडकण्याची शक्यता वाढते. थंडगार पाणी, मिठाचं पाणी, कडा न मारलेलं तोंड, खोलवर राहिलेले कानशीचे ओरखडे, यातलं एक जरी असलं तरी ‘टण’ असा आवाज येतो आणि तुकडा वाया जातो. पाणी ३०-४० अंश कोमट असावं. कडा आधी मारलेल्या, तोंड पॉलिश पेपरने साफ केलेलं आणि मध्ये किंचित फुगीर असावं.

टेंपरिंग, म्हणजे पाणी दिल्यावर पुन्हा मंद तापवणं, लगेच करायचं, ‘उद्या बघू’ चालत नाही. पाणी दिलेलं ईएन-९ टेबलावर पडल्या पडल्याही तडकू शकतं. २३० ते २५० अंश पाहिजेत. ओटीजीचा काटा वीस-वीस अंश चुकतो, म्हणून पोलादाचा एक छोटा घासलेला तुकडा शेजारी ठेवावा आणि रंगावर लक्ष ठेवावं. फिकट पिवळा म्हणजे २०५च्या आसपास, गडद सोनेरी २३०, तपकिरी २५५, जांभळा २८०, निळा ३००. सोनेरी ते तपकिरी यांच्यामध्ये थांबायचं. नवी कानस तोंडावर घातल्यावर थोडी अडकली पाहिजे. काचेवर घसरल्यासारखी सरकत असेल तर तोंड अजून फार कडक आहे.

ईएन-२४ आणि ईएन-१९: महाग आणि या कामाला उलटं

दुकानदार आवर्जून हे दाखवतो, कारण नाव मोठं आहे. ईएन-२४मध्ये निकेल, क्रोमियम आणि मॉलिब्डेनम असतं, आणि त्यामुळे ते तेलातसुद्धा गाभ्यापर्यंत कडक होतं. गिअर आणि शाफ्टला हा गुण हवाच असतो. हातोडीत मात्र त्यामुळे भोकाच्या भिंतीही कडक होतात आणि मग त्या वेगळ्या मऊ कराव्या लागतात. घरी ते जमत नाही.

याचा एकच उपयोग चांगला आहे. ‘टी’ कंडिशनमधला, म्हणजे कारखान्यातूनच कडक करून आलेला बार घ्यावा, ड्रिल आणि कानस करावी आणि भट्टीत घालूच नये. तोंड ईएन-८च्या पाणी दिलेल्या तोंडापेक्षा मऊ राहतं, पण डोकं अतिशय चिवट होतं. मशीनचे भाग बसवायला, बेअरिंगच्या ड्रिफ्टवर (ठोकणीवर) मारायला ही हातोडी छान. भट्टीची सोय अजिबात नसलेल्यांनी याचा विचार जरूर करावा. ड्रिल मात्र हळू चालवावं, ४०० आरपीएमच्या आसपास. ड्रिलची टोकं पटापट बोथट होतात तो खर्चही धरावा.

साधं एमएस (माइल्ड स्टील)

०.२५ टक्क्यांच्या आतला कार्बन, त्यामुळे पाणी दिलं तरी कडक होत नाही. मुंबईतल्या दारूखाना भागात जहाजांच्या भंगारात जाडजूड ठोकळे स्वस्तात मिळतात, पण जहाजाचा पत्रा असतो तो कमी कार्बनचाच. सुताराची पटाशी ठोकायला किंवा सांधे बसवायला एमएसचं डोकं चालतं. कडक खिळे आणि छिन्नी मारायला घेतलं तर काही महिन्यांत तोंडाची छत्री होते. छत्री दिसू लागली की ती लगेच घासून काढावी, कारण डोळ्यात जाणारी कपची तिथूनच उडते.

भंगारातल्या गोष्टी

ट्रकचे कमानपाटे कोयत्याला आणि विळ्याला उत्तम, हातोडीला निरुपयोगी. जाडीच ८ ते १४ मिमी असते. तीन-चार पाटे एकावर एक वेल्ड करून ठोकळा करायचा उद्योग करू नये. वेल्डिंगच्या शेजारचा पट्टा ठिसूळ होतो आणि पाटे एकमेकांपासून सुटतात.

ट्रॅक्टरचा किंवा ट्रकचा एक्सल जाडीला बरोबर असतो आणि पोलादही चांगलं असतं, पण नेमकं कोणतं हे कळत नाही. बहुतेक एक्सलची साल इंडक्शनने (विजेने तापवून) कडक केलेली असते. ड्रिल लावलं की ते नुसतं चरचरतं आणि जळतं. आधी लाल करून कोरड्या राखेत किंवा चुन्यात रात्रभर पुरावं लागतं. पाणी देताना पहिल्यांदा तेलच वापरावं, तेही वेगळ्या छोट्या तुकड्यावर चाचणी करून. तेल जुनं इंजिन ऑइल नको, त्याचा धूर विषारी असतो. शेंगदाण्याचं किंवा सरकीचं तेल धातूच्या खोल भांड्यात, झाकण हाताशी ठेवून वापरावं. तेलाने पेट घेतला तर वर झाकण टाकायचं, पाणी कधीच ओतायचं नाही. अनुभवी लोहार सोबत असेल तर एक्सल घ्यावा, नाहीतर सोडून द्यावा.

बेअरिंगचं पोलाद, म्हणजे ईएन-३१, यात कार्बन एक टक्क्याच्या आसपास असतो. जुन्या बेअरिंगच्या रिंगा किंवा रोलर तोंडाला लावायची कल्पना बऱ्याच जणांना सुचते. ते धोकादायक आहे. पोलादावर पोलाद आपटलं की त्याच्या कपच्या गोळीसारख्या उडतात.

बीड (ओतीव लोखंड) तर मुळीच नको. व्यायामाचे जुने डंबेल, शिलाई मशिनचे पाय, वजनाची मापं, हे सगळं बिडाचं असतं. ते दिसायला भक्कम आणि वजनाला भरभक्कम असतं, पण चौथ्या-पाचव्या घावात दोन तुकडे होतात. ओळखायची सोपी खूण अशी: ग्राइंडरवर बिडाच्या ठिणग्या आखूड आणि लालसर येतात. एमएसच्या लांब, सरळ आणि पिवळ्या, फारशा न फुटणाऱ्या. ईएन-९च्या ठिणग्या जवळच फुटतात आणि त्यांना भरपूर फाटे येतात. संशयित तुकड्याच्या शेजारी एक ओळखीचा एमएसचा तुकडा धरून दोन्ही घासून बघावं, फरक लगेच दिसतो. टीएमटी सळईही नको, तिची फक्त साल कडक असते आणि आतून ती मऊ.

रुळाचा तुकडा गुणाला सरस. त्यात ०.६ ते ०.८ टक्के कार्बन असतो. पण रेल्वेचा माल बाळगणं हा रेल्वे मालमत्ता (बेकायदेशीर ताबा) कायदा, १९६६ खाली गुन्हा आहे. भंगारवाल्याकडे रूळ दिसला तरी रेल्वेच्या लिलावाची पावती असल्याशिवाय घेऊ नये.

भंगारातली सर्वांत चांगली खरेदी म्हणजे जुनी हातोडीच. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात दांडा नसलेली डोकी मिळतात. निवडताना आधी तोंड न बघता भोक बघावं. भोकाच्या कोपऱ्यांना रॉकेल किंवा डिझेल लावावं, पाच मिनिटांनी कोरडं पुसून खडू चोळावा. चीर असेल तर आत मुरलेलं तेल खडूवर रेघ होऊन उमटतं. अशी रेघ दिसली तर डोकं कितीही सुंदर असलं तरी परत ठेवावं. तोंडाच्या कडेला बारीक खपल्या असतील तर चालतं, घासून कडा नव्याने मारता येते. मात्र घासताना तोंड निळं पडू द्यायचं नाही, दर काही सेकंदांनी पाण्यात बुडवावं.

दांड्याचं लाकूड

हातोडी मोडते ती बहुधा दांड्यात, आणि तरीही लोक सगळा विचार पोलादाचा करतात. दांड्याला घाव सोसून पुन्हा सरळ होणारं लाकूड हवं. नुसतं कडक किंवा नुसतं जड असून भागत नाही.

महाराष्ट्रात या कामाला धामणीच्या तोडीचं लाकूड नाही. धामण लवचिक आणि चिवट असते, धनुष्यं आणि अवजारांचे दांडे पूर्वापार तिचेच होत आले आहेत. हाताला बसणारा दणका ती गिळते. अडचण एवढीच की शहरातल्या वखारीत ती क्वचित मिळते. पश्चिम घाटाच्या पट्ट्यातल्या किंवा विदर्भातल्या गावच्या सुताराकडे चौकशी करावी.

दुसरी बाभूळ. ही सगळीकडे आहे. औतं, गाड्यांची चाकं, कुऱ्हाडीचे दांडे तिचेच. गाभ्याचं लालसर तपकिरी लाकूड घ्यायचं, बाहेरचा पांढरट भाग नाही, कारण किडा तिथेच लागतो आणि पिठासारखा भुगा पाडतो. बाभळीला गाठी फार असतात. ३५ सेंमीचा गाठ नसलेला तुकडा मिळवायला दहा-बारा फळ्या चाळाव्या लागतात, तेवढा वेळ द्यावाच. ओली फांदी तोडून लगेच दांडा करू नये. फाडून, दोन्ही टोकांना रंग किंवा मेण लावून सावलीत ठेवावी. इंचभर जाडीला साधारण वर्ष धरावं.

साग दांड्याला कमकुवत आहे, हे लिहिलं की लोकांना पटत नाही. साग टिकतो, वाळवी लागत नाही, ऋतूनुसार फार आकसत-फुगत नाही, सगळं खरं. पण घावाच्या धक्क्याला तो लांब कपच्या काढून फुटतो. हलक्या हातोडीला चालेल, अर्ध्या किलोच्या पुढे नको. शिसवी मजबूत आणि देखणी, महाग. खैर दगडासारखा, पण सगळा दणका मनगटात पाठवतो. निलगिरीचे तंतू पिळलेले असतात आणि वाळताना ती फाटते. आंबा पेटीला ठेवावा. चिंचेचे तंतू एकमेकांत गुंतलेले असल्याने ती मोगरीच्या (लाकडी हातोड्याच्या) डोक्याला झकास, दांड्याला नको.

बांबूबद्दल थोडं सविस्तर, कारण तो उगाच दुर्लक्षित आहे. पोकळ बांबू कामाचा नाही, पण विदर्भातली मानवेल आणि सिंधुदुर्गातला माणगा जवळजवळ भरीव असतात. खडी फोडणारे घणाला बांबूचा बारीक, लवणारा दांडा लावतात तो उगाच नाही, धक्का हातापर्यंत येतच नाही. हातोडीला मात्र तो अंडाकृती भोकात बसवणं कठीण. पाचर मारली की बांबू उभा चिरतो. पाचरीची चीर जिथे संपते तिथे बांबूवर तांब्याच्या तारेचे आठ-दहा वेढे आवळून मग पाचर मारली तर टिकतो.

लाकूड कोणतंही असो, तुकडा हातात घेऊन दोन गोष्टी बघायच्या. टोकाला वयाच्या वलयांच्या रेघा दिसतात, त्या घावाच्या दिशेला समांतर असाव्यात. आडव्या असतील तर दांडा थरांवर सुटून मोडतो. दुसरं, बाजूने दिसणारी तंतूंची रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्याच बाजूवर राहते का ते बोट फिरवून बघावं. अर्ध्यावर ती कडेला बाहेर पडत असेल तर दांडा नेमका तिथे, तिरका आणि टोकदार तुटणार. तसा तुटलेला दांडा हातात घुसतो. बाभूळ की धामण यापेक्षा ही रेघ महत्त्वाची. सरळ रेघेचा साग वाकड्या रेघेच्या धामणीपेक्षा बरा.

कच्चा तुकडा ३५ सेंमी लांब, ३८ बाय २८ मिमी. मूठ ३२ बाय २४च्या आसपास अंडाकृती ठेवावी, गोल नको. गोल मुठीत डोकं कुठे वळलंय ते हाताला कळत नाही. डोक्याखालचा भाग थोडा बारीक केला की दणका कमी येतो, पण २० मिमीच्या खाली जाऊ नये.

हार्डवेअरच्या दुकानातले तयार दांडे स्वस्त असतात आणि एक गठ्ठा उलगडून बघितला तर त्यात दोन-तीन सरळ रेघेचे सापडतात. दुकानदाराला घाई असली तरी निवडूनच घ्यावा. वरचं चकचकीत वॉर्निश पॉलिश पेपरने काढून जवसाचं तेल चोळावं. घाम आलेल्या हातात वॉर्निश निसटतं.

पाइपचा दांडा वेल्ड करण्याबद्दल सारखं विचारलं जातं. ईएन-८ किंवा ईएन-९ वर थेट वेल्ड मारला तर वेल्डच्या कडेला पोलाद आपोआप कडक आणि ठिसूळ होतं आणि चीर तिथून सुरू होते. डोकं आधी १५० ते २५० अंश तापवून, कोरड्या ७०१८ नंबरच्या वेल्डिंग रॉडने केलं तर जमतं, पण दणका मनगटाला सोसत नाही. जीआय पाइप तर जस्ताचा मुलामा काढल्याशिवाय वेल्ड करूच नये, त्या धुराने ताप भरतो.

पितळ आणि मोगरी, थोडक्यात

भट्टी नको असेल आणि मशीनचे भाग न ओरखडता ठोकायचे असतील तर पितळेचं डोकं करावं. ३० मिमी गोल, १०० मिमी लांब तुकडा ६०० ग्रॅमच्या आसपास भरतो. पितळ लोण्यासारखं कापलं जातं, पाणी द्यावं लागत नाही. किलोमागे पोलादाच्या कित्येक पट पैसे जातात आणि तोंड फुलतं, ते अधूनमधून कानसून सरळ करावं. सुतारकामाला चिंच किंवा बाभळीची मोगरी पुरे.

पाचरी आणि बसवण्याचा हंगाम

दांड्याच्या टोकाला भोकाच्या लांबीच्या दिशेने करवतीची चीर द्यायची, भोकाच्या खोलीच्या दोन तृतीयांश. ३० मिमी डोक्याला २० मिमी. चीर डोक्याच्या खालपर्यंत गेली तर दांडा तिथून फाटतो. आधी लाकडी पाचर, वाळलेल्या बाभळीची, भोकाच्या पूर्ण लांबीची आणि टोकाला कागदासारखी पातळ. ती ठोकून वरचा भाग कापला की तिला तिरकी एक लोखंडी पाचर मारायची. नुसती लोखंडी पाचर मारून काम उरकलं तर ती तंतू चिरते आणि पावसाळ्यानंतर सैल होते. एपॉक्सी भरून सैल दांडा घट्ट करण्याने काही दिवस निभावतं, पण मग तो दांडा काढायला ड्रिल लावावं लागतं.

दांडा चैत्र-वैशाखात बसवावा. एप्रिल-मे महिन्यात लाकूड सर्वांत कोरडं असतं. तेव्हा घट्ट बसवलेलं डोकं पावसाळ्यात आणखी आवळलं जातं. जुलैत बसवलेलं डोकं उन्हाळ्यात हमखास हलतं, कोकणात तर जास्तच. पावसाळ्यात करणं भागच असेल तर घडलेला दांडा पंधरा दिवस फ्रीजच्या मागे किंवा चुलीच्या वरच्या फळीवर ठेवून मग बसवावा.

डोकं हलू लागलं की हातोडी बादलीत बुडवून ठेवायची सवय घरोघरी आहे. त्याने दोन दिवस काम होतं. पाण्याने लाकूड फुगतं, पण पोलाद त्याला जागा देत नाही, त्यामुळे भोकातले तंतू चेंगरतात आणि वाळल्यावर दांडा आधीपेक्षा बारीक होतो. त्याऐवजी दांड्याचं बूड फरशीवर आपटावं. डोकं स्वतःच्या वजनाने खाली सरकतं. मग पाचर एक-दोन घाव आत घ्यावी आणि वरच्या टोकावर जवसाचं तेल मुरेपर्यंत सोडावं.